बाईंचं राहिलेलं प्रॅक्टिकल

ये, जरा जवळ सरक. म्हणजे तिकडे पुण्यात बसून जेवढं सरकता येईल तेवढं सरक, आणि आधी दोन शब्द ऐकून घे. मावशीला असा निरोप पाठवतात होय गं? ना कशी आहेस, ना गुडघा काय म्हणतोय. थेट, 'मावशी, ते पेरूचे स्कोन, रेसिपी टाक ना, ग्रॅममध्ये टाक.' आणि खाली पुन्हा, 'जमलं तर एक डबा कुरिअर कर.' डबा! हा शब्द आमच्या बाईंच्या कानावर पडला असता, तर तुला त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं असतं. मी तशी नाही म्हणून लिहायला बसले. पण रेसिपी नंतर. आधी बाई.

बाई आमच्या घरमालकीण. भोपाळच्या टी. टी. नगरचं आमचं सरकारी क्वार्टर पाडायला काढलं, तेव्हा तुझ्या काकांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. घाईघाईत जे घर मिळालं ते बाईंचा वरचा मजला. खाली त्या एकट्या, अंगणात एक पेरूचं, इकडच्या भाषेत अमरूदचं, झाड, आणि झाडावर बाईंच्या म्हणण्यानुसार 'माझ्यापेक्षा जास्त भाडेकरू', म्हणजे पोपट.

पहिल्या दिवशी सामान अजून ट्रकमधून उतरतंय, आणि खालून ठणठण ठणठण आवाज. तुझ्या काकांना वाटलं कचरागाडी आली. बिचारे बादली घेऊन धावत खाली गेले. तर जिन्याच्या तोंडाशी एक उंच, काटकुळी बाई, सुती साडी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात स्टीलचं ताट आणि लाटणं. म्हणाल्या, "बादली ठेवा. हात धुवा. बसा. वीस मिनिटं आहेत."

कशाची वीस मिनिटं, ते विचारायची कुणाची छाती! बसलो. ट्रकवाल्यालाही बसवलं. समोर आले गोल, गुबगुबीत, वरून तांबूस, मधून फुटलेले असे काहीतरी. फोडले तर आत भाजलेल्या पेरूच्या गुलाबी फोडी, कडेला जरा काळपट, गूळ ओघळलेला. ट्रकवाला म्हणाला, "अम्माजी, ये तो मीठे बाफले हैं." झालं! बाईंचा चेहरा असा झाला की जणू त्यानं वर्गात शिट्टी वाजवली. बाफले म्हणजे आमच्याकडे डाळीबरोबर खातात ते कणकेचे गोळे, आधी उकडून मग भाजलेले. बाई म्हणाल्या, "बाफला पोट भरायला असतो. हा स्कोन आहे. हा आला-गेल्याला असतो." त्यानं मात्र चार खाल्ले.

तेव्हापासून ताट वाजलं की निघायचं, हा नियम; ओव्हनमधून निघालेला स्कोन वीस मिनिटंच खरा, असं बाईंचं म्हणणं. कसे आहात तसे निघायचं. मी एकदा डोक्याला मेंदी थापलेली अशी गेले आहे. उशीर झाला तर बाई दार लावून घ्यायच्या आणि उरलेले गाईला. घरी घेऊन जाते म्हटलं तर नाही. "डब्यात वाफ धरते. वाफ धरली की त्याचा पाव होतो. पाव तुला कोपऱ्यावर मिळेल." मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. मी नागपूरची, म्हणून 'नागपूर'. "ए नागपूर, ताट ऐकू येत नाही का?" तुझ्या काकांना मात्र 'अहो साहेब'. ते जिन्यात उगाच छाती फुगवून उतरायचे.

आता गंमत ऐक. बाई मूळच्या ग्वाल्हेरच्या, पण सगळी नोकरी इथे भोपाळला, मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवण्यात गेली. पुस्तकात एक धडा होता, भट्टीतले पदार्थ. त्यात स्कोन. आणि शाळेत ओव्हन होता तो पहिल्या दिवसापासून बिघडलेला. नवीन येईल, येईल म्हणता बाई निवृत्त झाल्या. तोवर दरवर्षी त्या फळ्यावर स्कोनची कृती लिहीत, मुली वहीत उतरवून घेत, परीक्षेत प्रश्न येई, मुली पानभर उत्तर लिहीत, बाई मार्क देत. आणि बाईंनी स्कोन कधी पाहिलाच नव्हता! खाल्ला तर नव्हताच. मला हे सांगताना त्या हसत नव्हत्या. "तीस वर्षं मी मुलींना न पाहिलेल्या गोष्टीचे मार्क दिले गं, नागपूर. एकीने लिहिलं होतं, स्कोन तोंडात टाकताच विरघळतो. मी तिला दहापैकी नऊ दिले. काय आधारावर दिले?"

निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर ओव्हन आणला. तो आपला जुन्या तऱ्हेचा, गोल, अल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. आणि आयुष्यातला पहिला स्कोन केला. पुस्तकात सुका मेवा घालायला सांगितला होता, तो बाईंना वाण्याच्या दुकानासारखा लागला. मग झाडाचा पेरू चिरून, गूळ आणि चिमूटभर काळं मीठ लावून आधी भाजला आणि तो घातला. मग त्यांना थांबवणारं कोण! हिवाळ्यात पेरू, उन्हाळ्यात आडू, म्हणजे पीच, आणि आंबा, पावसाळ्यात आलूबुखारे. झाडाचं संपलं की सकाळच्या बसनं थेट करोंदच्या मंडईत. तिथला फळवाला त्यांना पाहून डागाळलेली टोपली पुढे करायचा. "आ गईं मैडम! लो खां, दाग़ी माल इधर करो." डाग लागलेलं फळ भाजायला गोड, असं त्यांचं मत. चांगलं फळ भाजणं म्हणजे शिकलेल्या मुलीला पुन्हा पहिलीत बसवणं, असं काहीतरी त्या म्हणायच्या. मला ते कधी नीट कळलं नाही, पण फळ गोड लागायचं हे खरं.

आणि मग सुरू झालं ते प्रॅक्टिकल. बाजारात, बँकेत, लग्नात, कुठेही एखादी पन्नाशीची, साठीची बाई दिसली की या थांबणार. चेहरा न्याहाळणार. "तू दुसऱ्या बाकावरची ना? वेणीला लाल रिबीन?" ती बिचारी नातवाचा हात धरून उभी. "जी मैडम..." "तेरा एक प्रैक्टिकल बाकी है. इतवार को आ जा." आणि खरंच यायच्या गं! डोळ्यांवर चष्मे, गुडघ्यांना पट्टे, कुणी शाळेची मुख्याध्यापिका, कुणी साडीच्या दुकानाची मालकीण. ओळीत खुर्च्यांवर बसायच्या. बाई ओव्हनमध्ये रद्दी कागदाचा तुकडा टाकायच्या. तपकिरी झाला तर ताप बरोबर, काळा झाला तर थांबायचं. सगळ्या माना पुढे काढून बघायच्या. मग खाऊन झालं की बाई एकेकीला विचारायच्या, "विरघळला?"

त्यातल्या एकीची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. सचिवालयात मोठ्या पदावर होती. न्यू मार्केटात भेटली, गाडीतून उतरून बाईंच्या पाया पडली. तीच ती, दहापैकी नऊवाली. बाईंना केवढा आनंद! तिनं हात जोडून सांगितलं, "अगले इतवार पक्का, मैडम." त्या रविवारी बाईंनी तिच्यासाठी खुर्ची मांडली. ती आली नाही. फोन आला, मीटिंग आहे, अगले इतवार. बाईंना राग नाही आला. त्या खुर्ची मांडतच राहिल्या.

माझं प्रॅक्टिकल? मी नापास. सपशेल. मोठ्या ऐटीत म्हटलं, बाई, आज मी भिजवते. मैद्यात चिमूटभर सोडा घालून थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं झालं की दही आणि दूध घालून नुसतं गोळा करायचं. मळायचं नाही. मला कळलं होतं. पण हाताला कुठे कान असतात! चाळीस वर्षं रोज पंधरा-वीस पोळ्यांची कणीक तिंबलेले हात. पीठ ओलं झालं आणि माझे हात आपोआप लागले कामाला. बाई ओरडताहेत, "थांब, थांब, अगं पोळी नाही ती!" आणि मी परातीत हा असा ठोसा मारून गोळा उलटा केला. इतका सुंदर, मऊ, लोण्यासारखा गोळा झाला म्हणून सांगू! बाईंनी त्याकडे बघून डोळे मिटले. त्या दिवशीचे स्कोन गाईनंसुद्धा हुंगून ठेवले. पुन्हा मला परातीला हात लावू दिला नाही.

असं चाललेलं असताना, एका दिवाळीनंतर, सकाळी खालून कप फुटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर बाई उभ्या, आणि उजव्या हाताकडे बघताहेत, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे. लहानसा झटका होता. जीव वाचला, चालणं-बोलणं राहिलं, पण उजवा हात गेला. म्हणजे होता जागेवर, पण त्यात जोर नाही.

ग्वाल्हेरहून त्यांचा पुतण्या आला. चांगला मुलगा, चेष्टेखोर. बाईंना 'आत्या, तुझे स्कोन आज जरा करपलेत', 'आत्या, गूळ महाग झाला का' असं म्हणून चिडवायचा आणि सहा-सहा खायचा. तो म्हणाला, "आत्या, आता पुरे. ग्वाल्हेरला चल. खोली तयार आहे."

बाई म्हणाल्या, "ग्वाल्हेरला माझी एकही मुलगी नाही. सगळ्या इथे आहेत. अजून कितीतरी राहिल्यात."

"आणि तुला एकटीला काही झालं तर?"

बाई म्हणाल्या, "जानेवारीत ये. अमरूद पिकलेले असतील. तुला माझ्या हातचं करून खाऊ घातलं तर मी इथेच. नाही जमलं तर मीच तुझ्या गाडीत जाऊन बसेन. मला कुणी उचलायला नको."

शब्द दिला म्हणजे दिला. मास्तरीणबाई त्या.

तो पाऊण हिवाळा कसा गेला, मी पाहिला आहे. ओव्हनवर चादर. ताट-लाटणं खुंटीवर. झाडाला पेरू लगडलेले आणि पोपट ऐश करताहेत. बाई डाव्या हातानं कशीबशी खिचडी टाकायच्या आणि फोनवर पुतण्याला सांगायच्या, "मस्त चाललंय." मी एकदा म्हटलं, बाई, डाव्या हातानं करून बघा की स्कोन. तर माझ्याकडे असं पाहिलं! "स्वतःपुरती खिचडी वेगळी. डाव्या हाताचं दुसऱ्याच्या पानात वाढू?" जन्मभर मुलींना जंतू आणि जीवनसत्त्वं शिकवली, पण लहानपणी डावा हात पुढे आला की आईनं काढलेले चिमटे काही त्यांच्या अंगावरून गेले नव्हते. आपल्या घरीही तेच. तू डाव्या हातानं प्रसाद घेतलास म्हणून मी स्वतः तुला रागावले आहे.

पुतण्या यायच्या आदल्या दिवशी मला खाली बोलावलं. खाली बघत म्हणाल्या, "नागपूर, उद्या तुझे हात पाहिजेत. तो यायच्या आधी भिजव. मी शेजारी बसते."

बाईंनी खोटेपणा करावा! मला भरून आलं आणि भीतीही वाटली. सकाळी बसलो दोघी. पेरू त्यांनीच भाजायला लावले, वास तर जिन्यापर्यंत गेला. मी लोणी चोळलं. बाई कानाशी, "हळू... हळू... आता बस." मी थांबले, देवाशपथ थांबले. पण गोळा एकत्र येत नव्हता, फाटकाशी गाडीचा आवाज आला, मी घाबरले, आणि घाबरल्यावर हात जे जाणतात तेच करतात. दोन ठोसे बसले. कसेबसे कापून ओव्हनमध्ये सरकवले आणि मी पडद्याआड पळाले.

ओव्हनमधून निघाले ते दगड. दिसायला बरे, पण दगड.

पुतण्यानं एक उचलला. फोडायला गेला, फुटेना. चावला. मग चहात बुडवला. पुन्हा बुडवला. मी पडद्याआड उभी, पदर तोंडात धरून. त्यानं घास गिळला, आत्याकडे बघून इतकं गोड हसला आणि म्हणाला, "छान झालेत हं, आत्या. अगदी नेहमीसारखे."

कायम खोड काढणारा मुलगा, तो 'छान' म्हणाला. बाईंचा चेहरा पडला, तो मी कधी विसरणार नाही. ज्याला पास करायचं असतं त्याची खोड काढतात. ज्याची आशा सोडली त्याला छान म्हणतात, हे त्या मास्तरणीला माहीत नव्हतं होय? त्यांनी गाडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठतील आणि पेटी मागतील.

उठल्या खऱ्या. पण म्हणाल्या, "खोटं बोलू नकोस. हे नापास आहेत. आणि हे माझे नाहीत, त्या पडद्याआडच्या बाईचे आहेत. नागपूर, बाहेर ये. परात दे."

आणि त्याच्या समोर बसून, डाव्या हातानं सुरू केलं. सगळं सांडत होतं. मैदा साडीवर, दूध ओट्यावर. मी पुढे झाले तर नजरेनं थांबवलं. त्या हाताला मळताच येत नव्हतं गं. नुसता कडेनं पीठ आत ढकलत होता, थबकत होता, पुन्हा ढकलत होता. गोळा कुठे ओला, कुठे कोरडा, पेरूच्या फोडी बाहेर डोकावताहेत. वाटीनं कापले तेही वाकडे. मान खाली घालून म्हणाल्या, "डाव्या हाताचे आहेत. नको असतील तर सांग."

पुतण्यानं खुर्ची ओव्हनजवळ ओढली. आम्ही तिघं त्या काचेच्या खिडकीतून बघत राहिलो. आणि ते फुगले. वाकडेतिकडे, एकमेकांवर रेललेले, पण असे फुगले आणि मधून असे फुटले की इतक्या वर्षांत मी पाहिले नव्हते.

त्यानं एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा हातात घेऊन म्हणाला, "आत्या, अमरूद जरा जास्तच भाजलास."

बाई रडल्या. मोठ्यानं, लहान मुलीसारख्या. "जास्त नाही भाजलेला, गाढवा, तुला अक्कल नाही," असं म्हणत रडल्या.

पण तोही हिशेबी. डोळे पुसून म्हणाला, "ठीक. तू जिंकलीस. पण स्कोनवर दिवस निघतात का? रोजची पोळी कोण करणार?"

"मी," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं. "माझ्या हाताला दुसरं येतंय काय?"

"मी कुणाचं आयतं खात नाही," बाई फणकारल्या.

"मग मला शिकवा. नापास झालेल्याला पुन्हा बसू देतात ना तुमच्या शाळेत?"

तर असं ठरलं. दोन्ही वेळच्या पोळ्या माझ्या, आणि रविवारी माझी शिकवणी. पहिल्याच दिवशी बाईंनी माझा उजवा हात माझ्याच पदरानं कमरेला बांधून टाकला. तुझे काका दारात उभे राहून हसून हसून बेजार. ताट पुन्हा वाजायला लागलं, खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या, मुली पुन्हा येऊ लागल्या. 'अगले इतवार'वालीची खुर्चीही मांडलेली असायचीच.

असे तीन हिवाळे मिळाले. शेवटच्या हिवाळ्यात एकदा माझा स्कोन त्यांनी फोडला, आतल्या बाजूला बोटानं टिचकी मारली आणि म्हणाल्या, "पास."

"किती मार्क?"

"काठावर."

पण तो अख्खा खाल्ला.

फाल्गुनात गेल्या, आपल्या घरात, आपल्या खाटेवर, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या. पुतण्यानं आम्हाला सांगितलं, मावशी, तुम्ही वरच राहा, आणि ओव्हनही तुमच्याकडेच असू द्या.

चैत्रात एक दिवस फाटकाशी गाडी थांबली. तीच ती, 'अगले इतवार'वाली. रिटायर झाली होती, हातात हार. मला म्हणाली, "मैडम ने बुलाया था. मैं टालती रही." अंगणात येऊन झाडाकडे बघत उभी राहिली. झाडावर एक पेरू नव्हता, हंगाम संपलेला. मी काय देणार तिला? चहा दिला. तिनं विचारलं, खरंच विरघळतो का तो? मी हो म्हटलं. ती बराच वेळ कप धरून बसली होती, चहा निवून गेला.

म्हणून म्हणते, बाळ, रेसिपी काय, सांगते. कान तुटलेल्या कपानं दोन कप मैदा, चिमूटभर सोडा, दोन लिंबांएवढं लोणी, दही हाताला विचारून. पण उजवा हात तुझ्या पदरानं, नाही तर ओढणीनं, बांधायला कुणीतरी लागेल, ते ग्रॅममध्ये कसं पाठवू? आणि डबा तर मी पाठवणार नाहीच. झाड यंदा वाकलंय. पोपटांनी सुरुवात केली आहे. मी रविवारी खुर्ची मांडते आहे, तुझं प्रॅक्टिकल बाकी आहे. ये. आणि अगले इतवार म्हणू नकोस.